तोयोसूच्या बाजारातील मासळीची पारख

तोक्योच्या तोयोसू भागातील मासळी बाजाराची कीर्ती आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुधा नववर्षाच्या पहिल्या लिलावातील आकड्यांमुळे. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर जपानमधील ओमा येथील २७८ किलो वजनाच्या एका ब्ल्यूफिन ट्यूनाला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले आणि ती बातमी जगभर गाजली. कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्याच कुळातील हा मासा. तो बाजार प्रत्यक्ष पाहून आल्यानंतर मात्र मला असे ठामपणे वाटते की, हा आकडा तिथल्या व्यवहारातील सर्वांत किरकोळ भाग आहे. पाहण्यासारखी आहे ती तिथली पारख, आणि त्या पारखीवर शहराने पिढ्यान्‌पिढ्या टाकलेला भरवसा.

घाटमाथ्यावर राहणाऱ्या आम्हा बेळगावकरांना पारखीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. कॅम्पातील मासळी बाजारात दिसणारी सुरमई, बांगडे आणि पापलेट कारवार, गोवा, मालवण अशा ठिकाणांहून बर्फात बसून घाट चढून आलेली असतात. आपण कल्ला उचलून त्याचा रंग पाहतो, बोटाने मांस दाबतो, डोळे निरखतो. पण अखेरीस ओळखीच्या मावशीने ‘हे आज नको, ते न्या’ असे म्हटले की तिचाच शब्द प्रमाण मानून पिशवी पुढे करतो.

आम्ही उभयतांनी जपानचा प्रवास जहाजाने केला. मोठी प्रवासी जहाजे तोक्योच्या रेनबो ब्रिजखालून जाऊ शकत नाहीत, म्हणून पुलाच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला, २०२० मध्ये नवे क्रूझ टर्मिनल सुरू झाले आहे. तेथून युरिकामोमे ही चालकाविना धावणारी गाडी थेट बाजाराच्या दारातील शिजोमाए स्थानकावर नेते. मात्र ट्यूनाचा लिलाव पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो आणि पहिली गाडी त्या वेळेला पोहोचवत नाही, त्यामुळे अंधारातच टॅक्सी करावी लागली. लिलाव जवळून पाहण्याच्या सज्जासाठी आदल्या महिन्यात अर्ज करून सोडतीत नाव यावे लागते. तोक्योत नोकरी करणाऱ्या भाच्याने तो अर्ज आमच्यासाठी भरला होता आणि सुदैवाने आमचे नाव आले.

खाली गारव्याने भरलेल्या प्रशस्त दालनात ट्यूना रांगेने मांडलेले होते. प्रत्येकावर क्रमांक होता आणि प्रत्येकाची शेपटी कापून आतील मांस उघडे केलेले होते. टोपीवर परवान्याचा बिल्ला लावलेले खरेदीदार हातात विजेरी आणि लहानसा हुक घेऊन रांगांमधून फिरत होते. शेपटीच्या छेदावर प्रकाश टाकून ते रंग पाहत, मांसाचा कण काढून दोन बोटांत चुरत आणि त्यातील चरबीचा अंदाज घेत. हा वेळ मला प्रत्यक्ष लिलावाहूनही मोलाचा वाटला, कारण पुढचा सारा भाव याच निरीक्षणातून ठरत होता. मग घंटा वाजली, लिलाव पुकारणाऱ्याने विशिष्ट लयीत आरोळी सुरू केली, खरेदीदारांची बोटे हवेत उठली आणि एकेक मासा काही क्षणांत विकला जाऊ लागला. आमच्याकडील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांनी बैलाचा भाव ठरतो. इथेही भाव बोटांनीच सांगतात, पण सर्वांच्या देखत.

हे खरेदीदार बहुतेक मधले घाऊक व्यापारी असतात. जपानी भाषेत त्यांना नाकाओरोशी म्हणतात. मोठ्या कंपन्या देशभरातून व परदेशांतून माल आणून लिलावास मांडतात, नाकाओरोशी तो पारखून घेतात, तलवारीसारख्या लांब सुऱ्यांनी त्याचे भाग करतात आणि कोणत्या उपाहारगृहाला कोणता तुकडा शोभेल हे ओळखून विकतात. मधल्या व्यापाऱ्याला आपण सरसकट दलाल म्हणून हिणवतो, ते इथे लागू पडत नाही. त्याची नजर चुकली तर त्याचे गिऱ्हाईक तुटते.

पारखीइतकीच काळजी समुद्रावरही घेतली जाते. इकेजिमे पद्धतीत मासा तडफडू न देता त्याच्या मेंदूवर अचूक वार करतात, लगेच रक्त काढतात आणि बऱ्याचदा मणक्यातील मज्जारज्जूही तारेने निकामी करतात, त्यामुळे मांस अधिक काळ चांगले टिकते. दूरच्या समुद्रात पकडलेला ट्यूना उणे ६० अंश तापमानात गोठवून आणतात.

या भरवशाला धक्के बसले नाहीत असे नाही. तोक्योला एडो म्हणत त्या काळापासूनचा, शहरातील निहोनबाशी भागातला बाजार १९२३ च्या भूकंपात नष्ट झाला आणि १९३५ मध्ये तोक्योतच त्सुकिजीचा सुप्रसिद्ध बाजार उभा राहिला. १९५४ मध्ये पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सर्गी राख दाइगो फुकुर्यू मारू या जपानी मासेमारी नौकेवर पडली. तिच्यातील दूषित ट्यूना त्सुकिजीच्याच आवारात पुरावा लागला आणि लोक मासळी घ्यायला घाबरू लागले. पुढे त्सुकिजीचा बाजार तोयोसूला हलवायचे ठरले, पण ती जागा पूर्वीच्या गॅस कारखान्याची असल्याने तेथील जमिनीत व भूजलात बेंझीन हे विषारी रसायन आढळले, म्हणून २०१६ मधील स्थलांतर तोक्योच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी लांबणीवर टाकले आणि बाजार अखेर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी नव्या जागी सुरू झाला. ज्या व्यापाऱ्यांनी त्या काळात जमिनीच्या शुद्धतेबद्दल खोलात जाऊन प्रश्न विचारले, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. जो मासा पारखून घेतो, त्याने जागाही पारखून घ्यावी हे स्वाभाविकच आहे.

परतताना त्सुकिजीलाही गेलो. आतला घाऊक बाजार हलला असला तरी बाहेरील दुकानांची गजबज कायम आहे. जवळच नामियोके इनारी हे देवस्थान असून, तेथे माणसांच्या पोटात गेलेल्या कोळंबीसारख्या जिवांच्या स्मरणार्थ शिळा उभारलेल्या आहेत. तिथे सौ.ने नकळत हात जोडले, आणि मीही.

जहाजाने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तोयोसूचा बाजार रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि अनेक बुधवारी बंद असतो, त्यामुळे सफर ठरवण्यापूर्वी बाजाराचे कॅलेंडर पाहावे. सोडतीत नाव आले नाही तरी वरच्या मजल्यावरील काचेआडून लिलाव विनामूल्य पाहता येतो. तेथे आवाज नीट ऐकू येत नाही, पण शेपटीवर वाकलेले खरेदीदार स्पष्ट दिसतात, म्हणून घंटा होण्याच्या बऱ्याच आधी पोहोचावे.