सतरा लेंड्या

पहिल्या दिवशी बंड्याला वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा मी त्याचं कौतुक केलं होतं. "किती गुणी आहे हो, हलतसुद्धा नाही!" ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

प्राण्यांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून मला नऊ वर्षं झाली. निरोगी ससा कधी गुणी नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. काट्यावर ठेवला की तो मागच्या दोन्ही पायांनी लाथ झाडतो आणि सुटायला बघतो. माझ्या मनगटांवरचे निम्मे ओरखडे सशांचे आहेत, मांजरांचे नव्हेत. तर हा २ किलो १४० ग्रॅमचा राखाडी नर ससा काट्यावर मुकाट बसला. एक डोळा लाल, कोपऱ्यात पांढरट पाणी. त्याला उचलताना उजव्या कानाच्या मुळाशी माझ्या बोटाला काहीतरी लागलं, वाटाण्याएवढं. किडा चावला असेल, असं मनाशी म्हटलं आणि कागदावर लिहिलं नाही. आत गाडीखाली आलेला कुत्रा टेबलावर होता, डॉक्टर घाईत होत्या. डोळ्यात घालायचे थेंब देऊन आम्ही बंड्याला घरी पाठवला.

तिसऱ्या दिवशी बंड्याचे मालक, काका, खोका घेऊन परत आले. झाकण उघडलं आणि मला पुढचं काही बघावं लागलं नाही. दोन्ही पापण्या सुजून बंद, त्यांच्या फटीतून पिवळसर घट्ट स्राव. कानांची मुळं फुगलेली, त्यामुळे कान जड होऊन बाजूला पडलेले. नाकावर, ओठावर, पाठीमागे शेपटाखाली सूज. ताप ४०.९ अंश सेल्सिअस. सशाचं अंग माणसापेक्षा गरमच असतं, ३८.५ ते ४० पर्यंत चालतं, पण हे त्याच्याही वर होतं. आणि ती गाठ आता सुपारीएवढी झाली होती.

मिक्सोमॅटोसिस. देवीच्या विषाणूच्या भावकीतला एक विषाणू हा आजार आणतो. माणसाला होत नाही, कुत्र्या-मांजरांना होत नाही, सशाला मात्र सोडत नाही. डास आणि पिसवा तो एका सशाच्या कातडीतून दुसऱ्याच्या कातडीत नेतात, म्हणून घराबाहेर कधीही न पडलेल्या सशालाही होतो. खिडकीतून आलेला एक डास पुरतो. चावल्यानंतर आठवडाभर, कधी त्याहून जास्त, काहीच दिसत नाही.

या विषाणूवर औषध नाही. लस न घेतलेल्या सशाला तो झाला तर बहुतेक डॉक्टर सरळ दयामरण सुचवतात आणि ते चूक नसतं. मीही तशा सशांना शेवटपर्यंत मांडीवर धरलेलं आहे. पण बंड्याला आदल्या वर्षी लस दिलेली होती. पुढची द्यायची तारीख उलटून दोन महिने झाले होते.

"राहून गेलं," काका एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी गोलमोल बोलणं टाळलं. लसीचा असर थोडा उरला असेल तर गाठी येतील, डोळे बंद होतील, पण फुप्फुसं कदाचित वाचतील. उरला नसेल तर आठवडाभरात कळेल. प्रयत्न करायचा तर दोन गोष्टींपैकी एक झाली की थांबायचं, वाद घालायचा नाही. ससा नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तर थांबायचं. आणि अंग गार पडून ऊब देऊनही ३८ च्या वर आलं नाही, तर थांबायचं.

काकांनी खिशातून छोटी वही काढली आणि दोन्ही अटी लिहून घेतल्या. मग विचारलं, "घरी अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्यात. तोवर त्या देऊ का?" मी जवळजवळ ओरडलेच. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं सशाच्या पोटात गेली की आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि ससा आजाराआधी औषधाने जातो. तसंच फिप्रोनिलचं. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवरचे ते थेंब सशाला विष आहेत. कुणी ससा पाळत असेल तर एवढं तरी लक्षात ठेवावं, बाकी लेख विसरला तरी चालेल.

बंड्याला आम्ही मागच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. तिथे भुंकणं ऐकू जात नाही. कुत्र्याच्या नुसत्या वासानेही ससा खाणं सोडतो. दाराखिडकीला जाळी लावली, आत जाताना वेगळा अंगरखा आणि हातमोजे. खोली मुद्दाम गरम ठेवली, इतकी की मला घाम फुटायचा. हा विषाणू गारव्यात जास्त फोफावतो. उबेत ठेवलेले ससे जास्त तगतात, हे जुन्या प्रयोगांतही दिसलेलं आहे.

काम दर चार तासांनी तेच. कोमट सलाईनमध्ये भिजवलेला कापूस डोळ्यावर दोन मिनिटं धरायचा, खपली मऊ झाली की आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचं, दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस. ओढायचं नाही, ओढलं की पापणीची कातडी निघते. मग नाक, मग सलाईनचा वाफारा. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, फुप्फुसात दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून सशाला चालणारं अँटिबायोटिक, आतडी हलती राहावीत म्हणून आणखी एक औषध. आणि भरवणं. आजारी सशांसाठी गवताची पूड मिळते, ती पाण्यात कालवून दर वेळी साधारण २० मिली. सिरिंज समोरून घालायची नाही. पुढच्या दातांमागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून एकेक मिली सोडायचं आणि चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर घास श्वासनळीत जातो. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं आतडं थांबून चालत नाही. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तरी ते सुस्तावतं, मग गॅस, मग वेदना, वेदनेमुळे पुन्हा उपास. हा विषाणू पुष्कळ सशांना असा आडवाटेने मारतो.

म्हणून लेंड्या मोजायच्या. काका रोज संध्याकाळी सहाला यायचे, हातमोजे चढवायचे आणि टॉवेलवरच्या लेंड्या मोजून वहीत आकडा टाकायचे. १४०, ९०, ५२. मग ११. बंड्या यातलं काहीही करू द्यायचा. डोळे पुसा, नाक पुसा, सुई टोचा, तो मऊ पिशवीसारखा हातात पडून राहायचा.

एका रात्री वाफारा चालू असताना मी याच विषाणूबद्दल वाचत बसले. १८९६ साली उरुग्वेत मोंतेविदेओच्या प्रयोगशाळेतले ससे अचानक मेले, तेव्हा हा पहिल्यांदा कळला. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशाला तो जेमतेम एक गाठ आणतो, तेच युरोपीय वंशाच्या सशाला, म्हणजे आपल्या पाळीव सशालाही, मारून टाकतो. म्हणून १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात तो शेतं खाणाऱ्या सशांवर मुद्दाम सोडला गेला. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरातले नव्याण्णवाहून जास्त ससे मेले. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये एका निवृत्त डॉक्टरने आपल्या मळ्यातल्या सशांसाठी तो आणला. तो कुंपणात राहिला नाही आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पोचला. काही वर्षांत विषाणूही थोडा मवाळ झाला, कारण ससा लगेच मेला तर डासाला चावायला जिवंत कातडी उरत नाही. मी पुस्तक मिटलं. माणसाने जे मुठीने पेरलं होतं, ते मी कापसाच्या बोळ्याने टिपत होते.

आठव्या दिवशी सकाळी मी सातला आत गेले तर टॉवेल स्वच्छ. रात्रभरात एकही लेंडी नाही. डोळे पुन्हा चिकटलेले. नाकपुड्यांवर तपकिरी कवच चढलेलं आणि बंड्या मान वर करून, नाक छताकडे धरून बसलेला. दात करकर वाजत होते. खूश ससाही दात हलकेच चावतो, पण हा आवाज वेगळा, खडे दळल्यासारखा. तो वेदनेचा. थर्मामीटर लावला, ३८.१. वजन १ किलो ७९० ग्रॅम.

मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, "आता पुरे करूया."

"तोंड उघडलंय का?"

"नाही."

"मग काकांना बोलाव. त्यांच्यासमोर बोलू."

काका अकराला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडली. "तोंड बंद आहे. अंग ३८ च्या वर आहे. मग संध्याकाळपर्यंत बघू, सिस्टर."

मला राग आला. वहीतले आकडे वाचणं सोपं असतं, ती करकर रात्रंदिवस त्यांना ऐकावी लागत नव्हती. त्या रागातच मी बोलून गेले, "काका, पहिल्या दिवशी माझ्या हाताला गाठ लागली होती. मी कुणाला सांगितलं नाही."

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझे दोन महिने, तुमचे तीन दिवस. आता नाकाचं काय करायचं ते बघा."

त्या तीन दिवसांनी फार फरक पडला असता असं डॉक्टरांना वाटत नाही. विषाणूवर औषध तेव्हाही नव्हतं. पण वेदनेवर होतं, ते पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

मग आम्ही कामाला लागलो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावल्या. कोमट सलाईन कातडीखाली दिलं, पाठीवर उंटासारखा उंचवटा आला. वेदनेचं औषध वाढवलं. काकांनी बंड्याला मांडीवर घेतलं आणि मी नाकावर ओला कापूस धरून बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग चिमट्याच्या टोकाने डाव्या नाकपुडीची खपली हलवून पाहिली. ती सैल झाली होती. हळूच उचलली तर तिच्यामागून दोऱ्यासारखा घट्ट शेंबूड लांबच लांब बाहेर आला. हातभर वाटला, असेल बोटभर. बंड्याच्या छातीत एकदम हवा शिरली. आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्याचं नाक हललं. सशाचं नाक सतत फुरफुरत असतं, इतकं की आपलं लक्षही जात नाही. ते थांबलं होतं हे मला ते पुन्हा सुरू झाल्यावर कळलं.

दुपारी ताप ३८.६. मी पोट हळूहळू चोळत होते, आत काही गुडगुडत नव्हतं. तीनला ५ मिली भरवलं, निम्मं ओठावरून ओघळलं. त्याच्या नाकाशी चुरडलेली कोथिंबीर धरली. हुंगली, खाल्ली नाही.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी पुन्हा सिरिंज ओठाच्या कडेला लावली. बंड्याने मान वळवली. मला वाटलं चुकून. पुन्हा लावली, तर पुढच्या पंजाने त्याने सिरिंज बाजूला ढकलली, आपण नको असलेलं ताट सारतो तशी. तिसऱ्यांदा मी जरा घट्ट धरायला गेले आणि त्याने मागचे दोन्ही पाय एकत्र झाडले. सिरिंज उडाली, हिरवा काला माझ्या चष्म्यावर, कपाळावर, केसांत.

"काय झालं?" काका दारातून धावत आले.

"लाथ मारली! काका, लाथ मारली त्याने!"

त्यांनी वही काढली आणि लिहिलं: ५.४०. लाथ.

रात्री नऊला टॉवेलच्या कोपऱ्यात पहिली दिसली. बारीक, कोरडी, काळपट, केसाने दुसरीला जोडलेली. मग आणखी. काकांनी त्या टॉर्चच्या उजेडात दोनदा मोजल्या. सतरा. निरोगी ससा दिवसाला शंभरच्या वर टाकतो, तरी सतरा हा आकडा लिहिताना काकांचं पेन कागदात रुतलं होतं. नंतर मी ती वही पाहिली तेव्हा मागच्या पानावर त्याची खूण उमटली होती.

पुढचं लवकर सांगते, कारण पुढे नुसतं कंटाळवाणं काम होतं आणि तेच हवं होतं. दहाव्या दिवशी एक डोळा चिरेइतका उघडला. बाराव्या दिवशी त्याने स्वतः गवताची काडी ओढली. चौदाव्या दिवशी घरी गेला. गाठींवर काळ्या खपल्या धरल्या आणि त्या आठवड्यांनी गळल्या. नाकाच्या शेंड्यावर टक्कल राहिलं, उजव्या कानाची कडा खाल्ल्यासारखी दातेरी झाली. अशा सगळ्याच सशांचं असं होत नाही. त्याच महिन्यात आलेले, लस न घेतलेले दोन ससे आम्हाला वाचवता आले नाहीत.

दीड महिन्याने काका त्याला तपासायला घेऊन आले. मी बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी बोलत होते. आत टेबलावरच्या खोक्यातून धाड असा आवाज आला. धोका दिसला की ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो, तसा. मी आत जाऊन म्हटलं, "काय रे बंड्या?" धाड. दोन पावलं पुढे गेले. धाड, धाड.

डॉक्टर हातात स्टेथोस्कोप घेऊन थांबल्या होत्या, त्यांना छाती ऐकायची होती. काकांनी खोक्यावर हात ठेवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"