तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर्स नसलेल्यांची वकिली

"जे इथे बेकायदा राहून काम करतात, त्यांना कायद्याने मजुरी कशी काय मागता येते? आणि ते भांडायला तुला पगार कोण देतं?" न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांत हे दोन प्रश्न मला पाठोपाठ विचारले जातात. विचारणारे बहुतेक माझ्या आईवडिलांच्या वयाचे, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं काढलेले. त्यांची चीड मला समजते, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

१९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट, म्हणजे अमेरिकेचा मजुरीचा कायदा, माणसाचा व्हिसा विचारत नाही. काम करून घेतलं का, एवढंच विचारतो. किमान वेतन आणि आठवड्याला चाळीस तासांच्या वर दीडपट, हे पेपर्स, म्हणजे इथे राहून काम करण्याची कायदेशीर परवानगी, नसलेल्यालाही लागू आहे. २००२ मध्ये हॉफमन प्लास्टिक खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशा कामगाराला नोकरीवरून काढल्यानंतरच्या, म्हणजे न केलेल्या कामाच्या पगाराची भरपाई नाकारली. केलेल्या कामाची मजुरी मात्र कोर्टं आजही देववतात. त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. पेपर्स नसलेल्याचे पैसे बुडवायला मोकळीक मिळाली, तर मालक पेपर्सवाल्याला कामावर ठेवेलच कशाला? तोटा दोघांचाही.

हक्क आहे, पण तो मागायला वकील नाही, ही खरी गोम. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या संस्थांना केंद्राचा पैसा लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनमार्फत मिळतो. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यावर अट घातली: हा पैसा घेणाऱ्या संस्थेने पेपर्स नसलेल्या बहुतेकांची, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्याही अनेकांची, बाजू घ्यायची नाही. अनेकांचा मिळून एकत्रित दावाही लावायचा नाही. संस्थेने देणगीदारांकडून वेगळे पैसे आणले तरी हीच बंदी. म्हणजे ज्याची मजुरी सगळ्यात सहज बुडते, त्याच्याच दारापर्यंत सरकारी मदत पोचत नाही.

ती जागा फेलोशिप भरून काढते, म्हणजे नव्या वकिलाला अशा कामासाठी बाहेरून मिळणारा पगार. स्कॅडन या बड्या लॉ फर्मने १९८८ मध्ये अशी फेलोशिप सुरू केली. इक्वल जस्टिस वर्क्स ही संस्थाही फर्म्स आणि कंपन्यांकडून पैसे उभे करून फेलो नेमते. अशा कामासाठी तुम्ही केंद्राचा तो पैसा न घेणारी एखादी संस्था गाठायची, तिच्याबरोबर बसून कामाचा आराखडा लिहायचा, निवड झाली तर दोन वर्षं पगार मिळतो. माझा पगार असाच येतो.

दोन वर्षांत होतं काय, असं कोणी म्हटलं की मी ज्युली सू यांचं उदाहरण देते. त्या स्कॅडन फेलो म्हणून लॉस एंजेलिसच्या एका संस्थेत रुजू झाल्या तेव्हा लॉ स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. ऑगस्ट १९९५ मध्ये शेजारच्या एल मॉन्टेत, काटेरी तारांनी वेढलेल्या इमारतीत कोंडून कपडे शिवायला लावलेले ७२ थाई कामगार सापडले. सुटका झाली आणि इमिग्रेशन खात्याने त्यांनाच अटकेत टाकलं! सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना तिथून बाहेर काढलं आणि दावा फक्त कोंडणाऱ्यांवर न लावता, ज्या कंपन्यांचे कपडे तिथे शिवले जात त्यांच्यावरही लावला. चाळीस लाख डॉलर्सहून जास्त रकमेची तडजोड झाली.

आपली माणसंही यात आहेत. कतरिना वादळानंतर, २००६ मध्ये, सिग्नल इंटरनॅशनल या जहाजं आणि तेलविहिरींचे तराफे दुरुस्त करणाऱ्या अमेरिकी कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले. दलालांनी ग्रीन कार्डचं आमिष दाखवून त्यांच्याकडून हजारो डॉलर्स उकळले होते. ते सगळे रीतसर व्हिसावर आले होते. २०१५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या ज्यूरीने त्यातल्या पाच जणांना एक कोटी चाळीस लाख डॉलर्स देववले.

माझं काम बहुतेक हॉटेलांच्या मोऱ्यांपाशी चालतं. मालक पुष्कळदा भारतीयच असतो, हे सांगताना मला त्रास होतो, पण सांगायला हवं. भांडी घासणाऱ्या एका दादांकडे पगाराची एकही पावती नव्हती. होतं ते किराणा दुकानात फुकट मिळणारं भिंतीवरचं कॅलेंडर. रोजच्या चौकोनात बारीक अक्षरात आल्या-गेल्याची वेळ, १०-११, म्हणजे सकाळी दहा ते रात्री अकरा. पैसे मिळाले त्या दिवसाभोवती गोल. पानांचे कोपरे तेलाने पारदर्शक झालेले. आम्ही एकेक चौकोन वाचून तक्ता बनवला. "हा काय पुरावा झाला?" असं समोरच्या वकिलांनी विचारलंच. पण मालकाने हजेरी ठेवली नसेल, तर कामगाराने वाजवी अंदाज मांडला तरी चालतो, आणि तो खोडून काढायची जबाबदारी मालकावर येते, हे सुप्रीम कोर्टाने १९४६ मध्येच माउंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यात सांगून ठेवलंय. मग धमकी आली, इमिग्रेशनला फोन करतो म्हणून. न्यूयॉर्कच्या कामगार कायद्यात अशी धमकी हाच वेगळा गुन्हा धरला जातो, हे मालकाला ठाऊक नसावं. तडजोड झाली, हप्ते येताहेत.

मुलामुलींसाठी विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन: पगार बड्या फर्मच्या मानाने बराच कमी. अर्ज लॉच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच जातो, म्हणून दुसऱ्या वर्षातच संस्थेत जाऊन काम करायला लागावं. शैक्षणिक कर्जाला २००७ च्या कायद्याचा आधार आहे: सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं केंद्राचं कर्ज माफ होतं. माझी दोन वर्षं पुढच्या उन्हाळ्यात संपतील. दावे तेव्हा संपलेले नसतील. संस्थेला मला ठेवून घ्यायचंय आणि मलाही राहायचंय. त्या पगाराचे पैसे उभे करण्यासाठी आम्ही सध्या अर्ज लिहितो आहोत.