तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही कधी सोल्युशन मॅन्युअल वापरलंत का?" दर वर्षी अप्लाइड मॅथ्सच्या तासाला कुणीतरी विचारतंच. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग आम्हालाच का नको?

वापरलं. चांगलं दोन वर्षं. पुस्तकातली गणितं पायऱ्यांसकट सोडवलेली, सीनियरांकडून आलेली स्पायरल झेरॉक्स होती, आणि तिची मला आजही लाज वाटत नाही. गोल कॅटलिस्ट पेलेटमधलं डिफ्युजन, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या गोळीत माल किती आत झिरपतो ते गणित, घेऊन मी दोन रात्री अडून बसले होते. मॅन्युअलात एक ओळ होती: कॉन्सन्ट्रेशनला त्रिज्येने गुणून नवा व्हेरिएबल धरा. धरला, आणि समीकरण सपाट पेलेटइतकं सोपं झालं. ही युक्ती माझी मला सुचली असती, असं मी म्हणणार नाही. ती कुणीतरी दाखवावी लागते. होस्टेलवर रात्री एक वाजता कोण दाखवणार?

पण मग ती तोंडी परीक्षा. सपाट पेलेट, फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन. केमिकल इंजिनियर थीलने १९३९ साली मांडलेलं हे गणित मला तोंडपाठ होतं: मोड्युलस (डिफ्युजनच्या तुलनेत रिॲक्शन किती वेगवान ते सांगणारा, जाडीबरोबर वाढणारा आकडा) काढायचा, त्याच्या टॅन हायपरबोलिकला त्यानेच भागायचं, झाला इफेक्टिव्हनेस फॅक्टर, म्हणजे कॅटलिस्टचा किती हिस्सा कामाला येतो तो आकडा. सरांनी कागदावर आयत काढला आणि त्याची डावी बाजू पेनाने गडद केली. "ही बाजू भिंतीला चिकटवलेली आहे. इकडून काही आत जात नाही. काढ आता." मी अर्धी जाडी घेतली. मॅन्युअलात अर्धीच असायची. दिलेल्या आकड्यांवरून मोड्युलस आला १, उत्तर ०.७६. सर रागावले नाहीत. पेनाचं टोक त्या गडद रेघेवर ठेवून म्हणाले, "अर्धी का?"

"सिमेट्री, सर."

"कुठे आहे सिमेट्री?"

मी त्या रेघेकडे बघत राहिले. मॅन्युअलात माल दोन्ही बाजूंनी आत जायचा, म्हणून मध्यापर्यंतची अर्धी जाडी; इथे माल एकाच बाजूने आत जातो, म्हणजे पूर्ण जाडी, मोड्युलस २, उत्तर ०.४८. हे सुचलं ते बाहेर पडल्यावर, जिन्यात. निम्म्याहून जास्त कॅटलिस्ट वाया जात होता आणि मी पाऊण कामाला येतो म्हणून सांगून आले होते.

तेव्हाची मी म्हणेल, ही तर घाईतली चूक, कुणाचीही झाली असती. असेलही. पण मॅन्युअलात "सिमेट्रीमुळे मध्यावर डेरिव्हेटिव्ह शून्य" ही बाउंडरी कंडिशनची, म्हणजे हद्दीवर काय घडतं ते सांगणारी, अर्धी ओळ होती, आणि पुढे दोन पानं इंटिग्रेशन. मी दोन पानं गिरवली. अर्ध्या ओळीपाशी एकदाही थांबले नाही, कारण ती आयती लिहिलेली होती.

म्हणून मी तुम्हाला फक्त शेवटची उत्तरं देते, पायऱ्या देत नाही. तरीही गेल्या सत्रात, रात्रपाळी करून कॉलेजला येणाऱ्या एका मुलाला मी अख्खं गणित सोडवून दिलं. त्याला विचारायला कुणी नव्हतं. त्यावर बाकीच्यांनी "मग आम्हाला?" म्हणून विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या वहीत मी बाउंडरी कंडिशनची तेवढी ओळ कोरी ठेवली होती. वही अजून परत आलेली नाही.