विचार करून सांगतो

सांगली, रविवार, रात्रीचे साडेनऊ.

मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी मिरजेच्या डॉक्टरांना भेटून परत आल्याला चार दिवस झाले, तरी फाइल टेबलावर तशीच उघडी आहे. पीएसए, म्हणजे रक्तातले प्रोस्टेटचे प्रथिन, ३४; बायॉप्सीत ग्लीसन, म्हणजे कर्करोग किती आक्रमक ते सांगणारा गुणांक, ४+४ म्हणजे ८, आणि पेट स्कॅनमध्ये हाडे सुदैवाने स्वच्छ. डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग असा, की रेडिएशन घ्यायचे आणि त्याच्या जोडीला दोन वर्षे, दर तीन महिन्यांनी, पुरुषी संप्रेरक बंद पाडणाऱ्या ल्युप्रोलाइडचे २२.५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन. रेडिएशनला मी तिथल्या तिथे होकार दिला. इंजेक्शनचे मात्र “विचार करून सांगतो” म्हणालो.

बत्तीस वर्षे मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा आला की पीयूषिका, अवटू, स्वादुपिंड असे सविस्तर सांगत जायचो आणि वृषणाशी पोचलो की फळ्यावर एक ओळ लिहून पुढे सरकायचो. मुले खाली मान घालत, आणि मीही त्यांच्याकडे पाहत नसे. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो आणि ते तोडले की दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले व त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले, हे मी त्या वर्गांत कधीच सांगितले नाही. इंजेक्शनचे काम तर शिक्षक म्हणून मला विलक्षण वाटते. मेंदूतून पीयूषिकेला जो निरोप थांबून थांबून जातो, त्याचीच नक्कल हे औषध अखंड पाठवत राहते. सुरुवातीला त्यामुळे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी संप्रेरक, उलट वाढते आणि मग पीयूषिका त्या हाकेला ओ देणेच सोडते व संप्रेरक तुटते. ती पहिली उसळी बाधू नये म्हणून आधीपासून बायकॅल्युटामाइड या संप्रेरकाला अडवणाऱ्या औषधाची गोळी घ्यायची असते.

समजते सगळे. अडते ते दुसरीकडेच.

कृष्णेच्या घाटावर सकाळी भेटणाऱ्या एका स्नेह्यांनी हीच इंजेक्शने दीड वर्ष घेतली आहेत. आज आयर्विन पुलाकडे जाताना त्यांना मी धीर करून विचारले. ते थांबले, कठड्याला हात टेकवला आणि म्हणाले, “सर, डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री बनियन पिळून वाळत घातलाय मी.” अंगातून वाफ निघावी तशी लाट छातीपासून कपाळापर्यंत चढते आणि पाच मिनिटांत ओसरते, असे ते सांगत होते. दंडाचे मांस उतरले, पोट सुटले, लहानसहान गोष्टींवरून डोळे भरून येऊ लागले. पत्नीविषयीची ओढ कधी विझली, ते त्यांना कळलेही नाही. हे शेवटचे त्यांनी नदीकडे पाहत सांगितले. मला मधुमेह आहे, त्यामुळे साखर वाढण्याची आणि हाडे ठिसूळ होण्याची भीती वेगळीच.

दुपारी हे सारे सौ.ला सांगायचे ठरवले होते, पण शेवटच्या गोष्टीशी येऊन माझी जीभ अडखळली. ती मेथी निवडत होती. ताटातून नजर न काढता म्हणाली, “अहो, मी पण फाइल वाचलीय. ते गेलं तर जाऊ दे. पण तुम्ही त्या विषयापायी माझ्याशी बोलायचं बंद केलंत, तर ते मला चालणार नाही.” मग हात पुसून तिने कॅलेंडरचे जुने पान आणले आणि त्याच्या पाठीवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले: हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आधी करायची का, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती, साखर किती दिवसांनी पाहायची, दोन वर्षांनी औषध थांबवल्यावर संप्रेरक परत येते का. या शेवटच्या प्रश्नाखाली तिने दोन रेघा मारल्या. डॉक्टरांनी त्याचे उत्तर मला तेव्हाच दिले होते: बहुतेकांत येते, पण महिनोन्‌महिने लागतात आणि माझ्या वयात पूर्ण येईलच असे नाही. हे उत्तर मी तिच्यापासून चार दिवस दडवून ठेवले होते. आज सांगितले.

माझ्यासारख्या चढ्या ग्लीसनमध्ये नुसत्या रेडिएशनपेक्षा जोडउपचाराने माणसे अधिक जगतात, हे अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे, आणि मला जगायचे आहे. ही ओळ लिहायला मला चार दिवस लागले.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून होकार कळवायचा. पुण्याला चिरंजीवांनाही सांगायचे, सगळे, आडपडदा न ठेवता. सौ.ने आत्ताच टेबलफॅन माझ्या उशाकडे वळवून ठेवला आहे.