तुम्ही विचारलंत म्हणून: वाघ नाही दिसला तर तिथं करायचं काय?

मी गोंदिया जिल्ह्यातला म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. वाघ दिसतो का? आणि नाही दिसला तर तिथं दोन-तीन दिवस करायचं काय? वाघ आहेत, दिसले तर तुमचं भाग्य. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी सविस्तर देतो. त्या प्रश्नात आमच्याकडे जंगलाबाहेर काहीच नाही असं आधीच धरलेलं असतं आणि ते मला मनापासून खटकतं.

आमच्याकडे पाणी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया आणि लागून असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, लहानमोठी हजारो तळी आहेत. गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा झाला; त्याआधी सगळा मिळून एकच भंडारा जिल्हा होता आणि शाळेच्या भूगोलात त्याची ओळखच 'तलावांचा जिल्हा' अशी होती. यातलं बहुतेक पाणी माणसांनी अडवलेलं आहे. इथं वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण ऐन धान पोटरीत येताना तो दडी मारतो. मग चढावरचं पाणी मातीची पाळ घालून अडवायचं आणि खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना द्यायचं, हे काम गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी लोकांनी केलं. जो तळं बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी राजाची रीत होती असं गावोगाव सांगतात. पुढे ही तळी मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आली आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. सरकारी कागदांवर आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात.

तेव्हा आलात की आधी पाळीवर चाला. माझं पहिलं उत्तर हेच असतं.

सुरुवात नवेगावबांधला करावी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे तळं सुमारे 11 चौरस किलोमीटरचं आहे आणि जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचा घेर 17 मैल दिला आहे. टेकड्यांच्या मधल्या खिंडी पाळीनं बुजवून एवढं पाणी थोपवलंय, हे तिथं उभं राहिल्याशिवाय खरं वाटत नाही. ते बांधणाऱ्या कोलू पाटलाला लोक कोलासुर देव म्हणून पुजतात आणि भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. ज्यानं पाणी अडवलं त्याला देवत्व देणारं गाव मला फार समजूतदार वाटतं.

डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आत पाळीवर पोचा. पाण्यावर धुकं असतं आणि आधी फक्त आवाज येतात. अडई बदकांची शीळ, जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरबुर, लांबून कुठूनतरी हंसांचा घोगरा कालवा. हे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. उजेड वाढला की कमळाच्या पानांवर लांब बोटं पसरून चालणारे कमळपक्षी दिसतात, मधल्या उघड्या पाण्यावर तलवार बदकांचे थवे दिसतात. चांगली दुर्बीण असेल तर आणा. नसली तरी दोन तास कसे जातात कळत नाही. वनाधिकारी म्हणून इथं राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी या पाखरांची स्थानिक नावं इथल्याच माणसांच्या तोंडून गोळा केली. 2025 मध्ये ते गेले. ती नावं सांगणारी माणसं गावांत अजून आहेत. त्यांच्याशी बोला. मोबाईलमधलं पक्ष्यांचं ॲप नंतर उघडा.

त्याच वेळेला ढिवरांचे, म्हणजे इथल्या मासेमारांचे डोंगे जाळी उचलायला निघालेले असतात. एका टोकाला उभा राहून बांबूनं डोंगा रेटणारा माणूस जाळ्यापाशी आला की खाली बसतो. वरच्या दोरीला तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या बांधलेल्या असतात. एकेक बाटली मांडीवर घेत तो जाळं डाव्या हातावर गोळा करत जातो आणि मासा आला की उजव्या हाताच्या अंगठ्यानं कल्ल्याजवळचा धागा मागे सारून त्याला अलगद सोडवतो. धागा तुटत नाही, खवलं उडत नाही. मरळ निघाली तर ती जिवंतच पाणी भरलेल्या डब्यात जाते, कारण मरळ जिवंत असेल तरच तिला भाव. पाळीवर परत आल्यावर तिथंच वजन होतं, तिथंच विक्री. ताजा मासा घेऊन तुम्ही उतरलाय त्या घरी दिलात तर दुपारी रस्सा आणि चिन्नोर तांदळाचा भात पानात येतो. त्या भाताचा वास खोलीभर होतो.

माझं एक ठाम मत आहे, पटलं नाही तरी ऐकून घ्या. या तळ्यांवर मोटारबोटी नकोत, पाळीवर स्पीकर नकोत. एक मोटारबोट फिरली की अर्ध्या तळ्यातली बदकं उठतात, आणि हजारो किलोमीटर उडून विश्रांतीला आलेल्या पाखराला पुन्हा पुन्हा उठवणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. ढिवराच्या डोंग्यातून फिरवून आणायची सोय जिथं आहे तिथं ती घ्या, त्याचे पैसे त्याच्या हातात द्या, जीवरक्षक जॅकेट मागून घ्या. पोहायला मात्र उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली कमळाच्या देठांचं जाळं आणि कंबरभर गाळ असतो, आणि चांगले पोहणारेही त्यात अडकतात.

मोठं तळं पाहून झालं की एखाद्या लहान गावच्या बोडीवर जा. बोडी म्हणजे एक-दोन शेतकऱ्यांच्या धानापुरतं पाणी धरणारं छोटं तळं. तिथं कोणी तिकीट घेत नाही, पाटीही नसते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या तळ्यांवर तुडूम उघडं पडतं. पाण्याच्या अंगाला एकाखाली एक भोकं ठेवलेलं, पायऱ्यांसारखं उतरत गेलेलं ते बांधकाम. भोकांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. पाणी वरच्या भोकाशी असताना वरची खुंटी काढायची, पातळी उतरली की खालची. पाण्याचा दाब कधीच एकदम येत नाही आणि वरचं पाणी आधी जातं. जास्तीच्या पाण्याला एका कडेनं सलंग, म्हणजे सांडवा ठेवलेला असतो, म्हणजे पाळीवरून पाणी चढत नाही. एका माणसाला हातानं चालवता येईल असं हे यंत्र आहे, ना डिझेल लागतं ना वीज. मुलांना घेऊन येणाऱ्यांना मी मुद्दाम तुडूम दाखवायला नेतो. मुलांना ते लगेच कळतं.

सगळ्याच तळ्यांची तब्येत चांगली आहे असं मी म्हणणार नाही. गाळ साचलाय, कडेनं अतिक्रमणं आहेत आणि बेशरमाच्या झुडपांनी कित्येक तळ्यांचा काठच खाल्लाय. पण अर्जुनी मोरगावकडच्या काही गावांत ढिवर बायांनी कंबरभर पाण्यात उतरून ती बेशरम मुळापासून उपटली आणि तिच्या जागी माशांना अंडी घालायला, पाखरांना खायला लागणाऱ्या पाणवनस्पती हातानं लावल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांचा त्यांना हात होता, पण चिखलात उभं राहणं त्यांचं. काही वर्षांत देशी मासे वाढले, पाखरंही परतली. अशा तळ्यावर गेलात तर त्या बायांना भेटल्याशिवाय येऊ नका. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्या पानं हातात घेऊन दाखवतात.

सारसांबद्दल मी जरा हात राखून बोलतो. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया-भंडाऱ्याच्या याच पट्ट्यात उरलाय, तोही मोजक्या काही डझनांत. माणसाच्या उंचीचा, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा हा पक्षी जोडीनं राहतो आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या उथळ कडेला गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोनच अंडी घालतो. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं त्याच्या मुळावर आलीत. जो शेतकरी आपल्या बांधीतलं घरटं सांभाळतो, तो ऐन रोवणीच्या हंगामात तेवढा तुकडा सोडून देतो, हे लक्षात ठेवा. गोंदियाजवळच्या परसवाडा, झिलमिली या तळ्यांकडे हिवाळ्यात सकाळी गेलात तर रस्त्यावरूनच दर्शन होऊ शकतं. लांबून बघा. ती दोघं माना आभाळाकडे करून एका सुरात ओरडू लागली की तो आवाज एक-दोन किलोमीटरवर जातो. जवळ जाण्याची गरजच नसते. घरट्याचा फोटो मागू नका आणि कोणी दाखवतो म्हणाला तर नाही म्हणा.

जंगलाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती तुम्हाला सगळीकडे मिळते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 चा. पावसाळ्यात सफारी बंद असते. नागझिऱ्याच्या आतही तळं आहे, आणि माझ्या मते गाडी पळवत फिरण्यापेक्षा त्या तळ्याकाठी गाडी बंद करून बसणं कधीही चांगलं. जय नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघून पार उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला होता, तो याच शेतांतून, बोड्यांच्या काठांनी, माणसांच्या वस्त्यांना वळसे घालत. पाळीवर पहाटे फिरताना गावकऱ्याला सोबत घ्या म्हणतो ते यासाठीही.

अर्जुनी मोरगावकडेच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे. त्याच्याजवळ गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला 1972 च्या सुमारास वसलेली तिबेटी वसाहत आहे. धानाच्या बांध्यांमधून जाताना एकदम प्रार्थनेच्या पताका दिसू लागतात. हिवाळ्यात तिथली बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसारच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुमारास जाणं उत्तम. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. महादेव आणि दर्गा दोन्हीकडे त्या गर्दीतली माणसं जातात. उत्तरेला सालेकसा तालुक्यात कचारगडच्या प्रचंड गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथं देशभरातले गोंड बांधव येतात. त्या दिवसांत गेलात तर ती त्यांची तीर्थयात्रा आहे याचं भान ठेवून जा.

आणि रात्री काय करायचं, असं विचाराल तर नाटक बघा! भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि दंडार हा लोकनाट्याचा खेळ, लेकीबाळी माहेरी आलेल्या, प्रत्येक घरी पाहुणे, आणि रात्री दहा-अकराला नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं ओळीनं आहेत आणि हंगामात एकेका कंपनीला श्वास घ्यायला फुरसत नसते. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर, घोंगडी पांघरून, हजारोंच्या गर्दीत बसून नाटक बघायचं. खलनायक आला की बाया मोठ्यानं शिव्याशाप देतात, बापलेकीच्या प्रवेशाला सगळी ताडपत्री रडते. ज्यांनी शहरातल्या गारेगार नाट्यगृहांत आयुष्यभर नाटकं पाहिली, त्या माझ्या पाहुण्यांनीही पहाटे चारला उठून जाऊ म्हटलेलं मला आठवत नाही. जानेवारीकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीही लागतात. 2014 च्या बंदीनंतर ते थांबले होते, 2021 च्या अखेरीस न्यायालयानं अटींवर परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाले. बैलाला मारहाण न करता जोडी पळवणारे पट बघा, बाकीचे सोडून द्या.

कधी यायचं, हेही नेहमी विचारतात. पाखरांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलला मोह पडतो आणि जंगलभर त्याचा गोड वास असतो, पण ऊन झेपलं पाहिजे. जुलैत रोवणी बघायला या, गुडघाभर चिखलात बाया गाणी म्हणत धान लावत असतात. मला स्वतःला दिवाळीनंतरचे पंधरा दिवस सगळ्यांत आवडतात, कारण तळी काठोकाठ असतात, कमळं असतात, धान कापणीला आलेलं असतं, पहिली बदकं उतरू लागतात आणि मंडया असतात. तीन रात्री ठेवा. रेल्वेनं गोंदियाला उतरून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीकडे येता येतं, किंवा नागपूरहून रायपूरच्या हमरस्त्यानं साकोलीपर्यंत एसटी आहेच. कोणत्या दिवशी कोणत्या गावची मंडई आणि तिथं कोणतं नाटक, हे साकोलीच्या बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर विचारा. पोस्टरं तिथंच लागलेली असतात, आणि ठेलेवाला कोणतं नाटक चुकवू नका तेही सांगतो.