हजेरीपटावरची देवनागरी

न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत गणित शिकवायचं ठरवलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. नगरला बी.एस्सी., पुण्याला एम.एस्सी., मग लग्न, डिपेंडंट व्हिसा, मुलं. रविवारच्या मराठी शाळेत शिकवता शिकवता लक्षात आलं की आपला जीव यातच रमतो. बी.एड. नव्हतं, म्हणून इथला ‘अल्टरनेट रूट’ धरला. ही वाट या राज्यात १९८५ पासून आहे. आधी पात्रतेचं प्रमाणपत्र, मग नोकरी, शिकवता शिकवताच शिक्षणशास्त्राचे तास आणि शेवटी कायमचं प्रमाणपत्र.

कागदपत्रांतच आठ महिने गेले. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला गुणांचा दाखला, सीलबंद पाकिटात हवं, पाकिटाच्या जोडावर विद्यापीठाचा शिक्का हवा. भावाने त्यासाठी चार खेपा घातल्या. आपल्या मार्कशीटवरून अमेरिकी क्रेडिट काढून देणारी संस्था वेगळी, तिची फी वेगळी. विषयाची किमान ३० क्रेडिट लागतात, ती भरली. मग बोटांचे ठसे, नोटरीपुढे शपथ, ‘प्रॅक्सिस’ या शिक्षकांसाठीच्या परीक्षेतला गणिताचा पेपर. तेव्हा वाचन, लेखन आणि अंकगणिताची ‘प्रॅक्सिस कोअर’ही सक्तीची होती. लेखनात मी पहिल्या खेपेला नापास झाले. पुन्हा फी भरता आली, कारण नवऱ्याच्या पगारावर घर चालत होतं; मग पास झाले.

हे मुद्दाम लिहितेय. नोकरीआधीचा ५० तासांचा कोर्स करताना आमच्या तुकडीत एक कृष्णवर्णीय बाई होत्या. बारा वर्षं शाळेत मदतनीस म्हणून काम केलेल्या. वर्ग कसा शांत करायचा हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. ‘कोअर’मध्ये त्या तिसऱ्यांदा थोडक्यात अडकल्या आणि त्यांनी नाद सोडला. ती परीक्षा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली. मला हे योग्य वाटतं. विषयाची परीक्षा मात्र राहावी. गणित न येणाऱ्याने गणित शिकवू नये.

सप्टेंबर २०२१ मध्ये एका हायस्कूलमध्ये नोकरी लागली. एका हळदीकुंकवाला एका काकूंनी हलक्या आवाजात विचारलं, “तिकडे ‘ते’ लोक जास्त आहेत ना गं? जपून हो.” मी काहीच बोलले नाही. त्या गप्प राहण्याची आजही लाज वाटते. रंगावरून माणूस जोखायची सवय मीही घरूनच घेऊन आले होते.

शाळेत मुलं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, आणि शिक्षकांच्या खोलीत बहुतेक गोरे चेहरे. देशभर हेच चित्र आहे. सरकारी शाळांतले सुमारे ८० टक्के शिक्षक गोरे, मुलांमध्ये गोरी निम्म्याहून कमी. आशियाई वंशाचे शिक्षक दोन टक्क्यांच्या आसपास.

नव्या शिक्षकाला इथे पहिल्या वर्षी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, मिळतो, आणि अल्टरनेट रूटवाल्याच्या पगारातून त्याचे हजार डॉलर कापतात. तेव्हा ते फार टोचले. माझ्या मेंटॉर सत्तावीस वर्षं गणित शिकवत आलेल्या, कृष्णवर्णीय. सगळे त्यांना नावाने हाक मारत, मी मनातल्या मनात त्यांना ‘बाई’च म्हणायचे.

ऑक्टोबरात एक मुलगा तास चालू असताना मागे वळून बोलत बसला होता. दोनदा सांगितलं, मग रेफरल लिहिलं, म्हणजे वर्गातून ऑफिसात पाठवायची चिठ्ठी. दुपारी बाई माझ्या सहा आठवड्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. सात होत्या. त्यांनी त्या बाकावर ओळीने मांडल्या आणि मला नावं वाचायला लावली. सातातली सहा मुलं कृष्णवर्णीय. त्या वर्गांत त्यांची संख्या निम्मीही नव्हती.

“आज त्या तासाला आणखी कोण बोलत होतं?” त्यांनी विचारलं.

मला आठवलं. खिडकीजवळ दोघे बोलत होते, एक गोरा, एक भारतीय. त्यांना मी नावाने हाक मारून “बस झालं आता” म्हटलं होतं, तेही हसून. तो मुलगा खरंच गप्पा मारत होता. ते दोघेही मारत होते.

बाई रागावल्या नाहीत. २०१७-१८ चा सरकारी आकडा त्यांना पाठ होता: देशात कृष्णवर्णीय मुलं १५ टक्के, पण शाळेतून निलंबित होणाऱ्यांत ३८ टक्के. “याची सुरुवात अशा चिठ्ठीपासून होते,” एवढंच म्हणाल्या. मग काय करायचं ते दाखवलं. लांबून ओरडायचं नाही, बाकापाशी जाऊन हळू बोलायचं. पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक घरी एक फोन, फक्त काहीतरी चांगलं सांगायला. चिठ्ठी लिहिण्याआधी ‘हेच त्या दुसऱ्याने केलं असतं तर?’ असं मनाला विचारायचं. दिवाळीनंतर वर्षअखेरपर्यंत मी दोनच रेफरल लिहिली.

एकदा गाडीतून जाताना बाई त्यांच्या मावशीबद्दल बोलल्या. मावशी दक्षिण कॅरोलायनात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिक्षिका. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘ब्राउन’ खटल्यात वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. पुढे मुलं एकत्र आली, पण गोऱ्यांच्या शाळांनी कृष्णवर्णीय शिक्षकांना घेतलं नाही. दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत मिळून सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचं सांगतात. मावशीने मग पुढची वीस वर्षं दुकानात काम केलं. मी त्यांना सांगितलं की आमच्या नगरला सिंथिया फरार या अमेरिकी मिशनरी बाईंकडे सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या होत्या. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सावित्रीबाईंचं नाव दोनदा म्हणायला लावलं.

नावांचा धडाही त्यांचाच. हजेरी घेताना मी अडखळायचे आणि अवघड नाव पुटपुटून पुढे जायचे. “तुझं नाव इथे किती जण नीट घेतात?” त्यांनी विचारलं. कोणीच नाही. मग मी एक दिवस प्रत्येक मुलाजवळ गेले, नाव म्हणायला सांगितलं आणि हजेरीपटावर देवनागरीत लिहून घेतलं. इंग्रजी स्पेलिंग काहीही असो, आघात कुठे, ‘आ’ की ‘ए’, कानाला आलं तसं. दुसऱ्या दिवशी हजेरी धडाधड म्हणून दाखवली तेव्हा वर्ग चिडीचूप. तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. “यातलं मी कुठलं?” मी बोट ठेवलं. तिने ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

दोन वर्षं नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवारी शिक्षणशास्त्राचे ३५० तास भरले. त्यात वर्गाचं चित्रीकरण आणि लांबलचक लेखी विवेचन मागणारी ‘एडटीपीए’ ही परीक्षा डोक्यावर होती; डिसेंबर २०२२ च्या कायद्याने तीही गेली. जुलै २०२३ मध्ये कायमचं प्रमाणपत्र आलं. कोर्सला आम्ही बावीस जण होतो, आज नऊ जण वर्गात उभे आहेत. बोलणं झालं की एक गोष्ट ऐकू येते: जे टिकले त्यांना पहिल्या वर्षी शेजारी उभं राहणारं कोणीतरी होतं. ते हजार डॉलर शाळेने किंवा राज्याने भरावेत, नव्या शिक्षकाने नव्हे, हे मी प्रत्येक मीटिंगला बोलते.

त्या पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेतले. एका पेपरवर नावाच्या जागी देवनागरी अक्षरं होती. शिरोरेघ नव्हती, वेलांटी उलटी पडली होती. मी हजेरीपटाशी ताडून पाहिलं आणि पहिलं गणित तपासायला लागले.