कूलर निर्दोष सुटला : कलेक्टरची नोंद सातवी

सापडलं एकदाचं! अठरा दिवस ज्या सीआरसीने (डेटा वाटेत बिघडला का ते पडताळायचा आकडा) माझं डोकं खाल्लं, त्याचा गुंता मंगळवारी रात्री लाइट गेल्यावर सुटला. आणि ज्या कूलरच्या नावाने मी रोज खडे फोडत होतो, त्याचा यात काडीचाही दोष नव्हता.

मागचं फार उगाळत नाही. कलेक्टर तोच, मोटरची कंपनं मोजून साठवणारं जुनं यंत्र, एमआयडीसीतल्या भंगारातून उचललेलं; त्यातला डेटा सीरियल केबलने लॅपटॉपवर आणायचा खटाटोप चाललाय. केबलवर वेग ९६०० बॉड, ८-एन-१ (बाइटला ८ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट). फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, सहाव्या नोंदीत दिली तीच (बाइट सगळीकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहितोय): सुरुवातीला १० ०२, मग कमांड, मग ब्लॉक नंबर, मग १६ बिटांचे ६४ सॅम्पल, मग १० ०३ आणि शेवटी सीआरसीचे दोन बाइट. एकूण १३६ बाइट. सीआरसीचं सूत्र रेव्हएंग या प्रोग्रामने तेव्हाच काढून दिलं होतं: पॉलिनॉमियल ८००५, उलटा केला की ए००१, सुरुवात शून्यापासून (मॉडबस या औद्योगिक प्रोटोकॉलसारखी एफएफएफएफपासून नाही), आणि हिशेबात शेवटचा ०३ पण धरायचा. इथवर सगळं सुरळीत.

घोडं अडलं ते पुढे. कूलर बंद ठेवून ४०० लाइनचा डम्प (कंपनाच्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, ४०० रेघा; त्याला १०२४ सॅम्पल) घेतला की सोळाच्या सोळा फ्रेम पास. कूलर चालू करून त्याच्या मोटरच्या पट्टीवर मॅग्नेटने सेन्सर चिकटवला की सरासरी तीन-चार फ्रेम फेल. एकदा दुसरी, पाचवी, अकरावी. पुढच्या वेळी नववी आणि चौदावी. दरवेळी नव्या. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हटलं असतं? मीही तेच म्हटलं: नॉइज, विजेची गडबड. पत्र्याचा कूलर, जुनी मोटर, वर ओला पॅड, आणि शेजारून जाणारी दोन मीटरची सीरियल केबल. शंकेला जागाच नव्हती.

मग जे काही केलं ते ऐका. आधी लॅपटॉपचा चार्जर काढला. मग केबलला फेराइट (नॉइज दाबणारी कडी) लावले, एक नाही, तीन. मग शिल्डेड वायर आणून नवी केबल सोल्डर केली. मध्येच एका ऑनलाइन दुकानाने पाठवलेली यूएसबी-सीरियल केबल उघडून पाहिली तर आतली चिप नकली. तिच्या जागी साधा सीएच३४० चा बोर्ड लावला, तो आजतागायत मुकाट काम करतोय. मग एडीयूएम४१६० वाला यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध तोडणारा) मागवला, त्यात हजारावर रुपये गेले. वस्तू चांगली आहे, घेतल्याचं दुःख नाही, पण या दुखण्यावर ते औषध नव्हतं. शेवटी वाटलं, उन्हाने काळी माती भेगाळलीय, अर्थिंग कोरडी पडली असणार. भर दुपारी खड्ड्यात मिठाचं दोन बादल्या पाणी ओतलं. नळाला पाणी कधी येतं आणि मी ते मातीत घालतोय, यावर आईने अहिराणीत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फेल फ्रेम? तीन-चार.

सगळ्यात लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. एकदा कूलर चालू ठेवला आणि सेन्सर काढून टेबलावर ठेवला. सगळ्या फ्रेम पास! पुरावा समोर पडलेला. पण नॉइजचं भूत मानेवर बसलेलं, त्यामुळे मी काय अर्थ काढला, तर सेन्सरची वायर कूलरजवळ अँटेना होते. वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघाही ओढल्या.

दुसरा पुरावा पल्सव्ह्यू या सिग्नल बघायच्या प्रोग्राममध्ये होता. आठ चॅनलचं स्वस्तातलं लॉजिक अॅनालायझर मॅक्स३२३२ या सीरियलचं व्होल्टेज बदलणाऱ्या चिपच्या पलीकडे लावून तासभर कॅप्चर घेतलं होतं. त्यात एकही फ्रेमिंग एरर (स्टॉप बिट जागेवर नसणं) नाही. खरा नॉइज असता तर स्टार्ट-स्टॉप बिटांची कुठेतरी मोडतोड झाली असती, कधीतरी हेडरचा १० ०२ सुद्धा बिघडला असता. नॉइज काय फक्त सॅम्पल बघून चावतो? तेव्हा हा प्रश्न पडला नाही.

मंगळवारी रात्री अकराला लाइट गेली. कूलर थांबला, गल्लीतले सगळे अंगणात आले. कलेक्टर बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर, झोप येणं शक्यच नव्हतं. चाळा म्हणून ८०० लाइनचा डम्प मागितला. आजवर तो कधी घेतला नव्हता, कारण ४०० चंच जमत नव्हतं. ८०० लाइनला २०४८ सॅम्पल, म्हणजे ३२ ब्लॉक. सेन्सर सतरंजीवर पडलेला. ३१ पास, एक फेल.

पुन्हा घेतला. ३१ पास, एक फेल. तोच. तिसऱ्यांदा, तोच. स्क्रिप्टने छापलं: ब्लॉक १६, सीआरसी चुकला. लाइट नाही, कूलर बंद, अख्ख्या वस्तीत एक मोटर फिरत नाही, आणि नॉइज येऊन बरोबर शून्यापासून सोळाव्या ब्लॉकलाच चावतो? कच्चे बाइट छापले.

१० ०२ ४१ १० १० ००...

दशमान सोळा म्हणजे हेक्स १०. ब्लॉक नंबर एकच बाइट असायला हवा, इथे १० दोनदा. मी अंधारात मोठ्याने हसलो. आई अंगणातून म्हणाली, "आते तरी झोप रे भाऊ."

जाणत्यांना कळलंच असेल. १० म्हणजे डीएलई, 'पुढे खूण आहे' असं सांगणारा बाइट. फ्रेमच्या सीमा १० ०२ आणि १० ०३ ने आखायच्या असतील, तर डेटात खराखुरा १० आला की तो दोनदा पाठवायचा, म्हणजे घेणाऱ्याची फसगत होत नाही. ही युक्ती १९६७ च्या आयबीएमच्या बायसिंक प्रोटोकॉलपासूनची आहे, अॅलन-ब्रॅडलीच्या डीएफ१ या प्रोटोकॉलमध्येही हेच चालतं. आणि मी शहाणा, १० ०२ ओळखूनही पुढचे १३४ बाइट डोळे मिटून मोजून घेत होतो. फ्रेम एक बाइट लांब झाली की सीआरसीच्या जागी भलतेच बाइट येत. उरलेला बाइट स्क्रिप्ट पुढचा १० ०२ शोधताना गुपचूप फेकून देत होती. लांबी तपासणारी एक ओळ लिहिली असती तर अठरा दिवस वाचले असते.

कूलरचा हिशेबही लागला. सेन्सर स्वस्थ असताना सॅम्पल शून्याच्या आसपास रेंगाळतात, खालचा बाइट ०० ते ०८ नाहीतर एफ८ ते एफएफ. १० येणारच नाही. ४०० लाइनला ब्लॉक नंबर ०एफला संपतात, तिथेही १० नाही. कूलर हलवायला लागला की खालचा बाइट ०० पासून एफएफपर्यंत कुठेही. ६४ सॅम्पलमध्ये एकदा तरी १० येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, म्हणजे सोळा फ्रेममध्ये साडेतीन. तीन-चार फेल! आकडा पहिल्या दिवसापासून वहीत होता.

दुरुस्ती एका फटक्यात झाली नाही. आधी आळशीपणा केला: सगळ्या बफरमध्ये १० १० च्या जागी १० घातला आणि मग १० ०३ शोधला. डेटात १० च्या पाठोपाठ ०३ आला की फ्रेम मध्येच तुटली. म्हणून बाइटमागून बाइट वाचणारी रीतसर स्टेट मशीन लिहिली. तरी सव्वाशे-दीडशे फ्रेममागे एक अडकायचीच. शोधलं तर सीआरसीचे दोन बाइट डबल होत नाहीत, ते जसेच्या तसे येतात; माझी मशीन तिथला १० पाहून जोडीदाराची वाट बघत बसायची. १० ०३ नंतरचे दोन बाइट डोळे झाकून घ्यायचे. इथे डोळे झाकणं बरोबर, तिथे चूक. बुधवारी सकाळपर्यंत ६०० च्या वर फ्रेम घेतल्या, एकही फेल नाही.

आणि मग पहिला खरा स्पेक्ट्रम! हॅनिंग विंडो (सॅम्पलच्या कडा मऊ करायची रीत), २५६० हर्ट्झने १०२४ सॅम्पल, लाइनला २.५ हर्ट्झ. २२.५ वर ठसठशीत काठी, म्हणजे १३५० आरपीएम. ६७.५ वर दुसरी, पंख्याला तीन पाती आहेत म्हणून. १०० वर मोटरची गुणगुण. पात्यांवर क्षार आणि धुळीचा थर बसला होता, तो खरवडून पुन्हा मोजलं, तर २२.५ ची काठी निम्म्याहून खाली आली. कूलरचा आवाजही कमी झाला. घरच्यांच्या दृष्टीने या सगळ्या उद्योगाचं एवढंच फळ.

पुढे ईएसपी३२ (वायफायवाली छोटी चिप) लावून सगळं वायफायवर आणायचं ठरवलं होतं, सहाव्या नोंदीत तसं लिहिलंही आहे. ते आता मागे टाकतो. आधी स्केल हवा: किती काउंट म्हणजे किती मिमी प्रति सेकंद, ते कळल्याशिवाय जुन्या आयएसओ १०८१६ या कंपनाच्या मानकातल्या १.८ आणि ४.५ या मर्यादा लावायच्या कशाला? कलेक्टरच्या स्क्रीनवर आरएमएस (कंपनाची एकूण ताकद) दिसतोच, तो आणि माझा हिशेब दहा-बारा ठिकाणी जुळवला की गुणक निघेल. कूलरवरच जुळवणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं की चुलतभावाच्या डाळ मिलमधला ब्लोअर महिनाभर कुरकुरतोय. मोटर १४४० आरपीएमची, बेअरिंग ६२०५. बाहेरच्या रिंगला खड्डा असेल तर फिरण्याच्या वेगाच्या ३.५८५ पट, म्हणजे ८६ हर्ट्झच्या आसपास काठी दिसायला हवी. कूलरपेक्षा तिथेच जातो, स्केलही तिथेच काढतो. एका दगडात दोन पक्षी.

कमांड ४१ म्हणजे वेव्हफॉर्म. ४२ ला काहीतरी छोटं उत्तर येतं, बहुतेक आरएमएस, पण फ्लोट (दशांश आकडा) नेहमीच्या आयईईई पद्धतीचा वाटत नाही. बाकीच्या कमांड आंधळेपणाने पाठवून बघायचा मोह होतोय, पण त्यातली एखादी मेमरी पुसणारी निघाली तर जुने रूट (साठवलेल्या मोजमापांच्या याद्या) जातील. कुणाकडे या जातीचा कलेक्टर असेल आणि डॉसबॉक्समधून (जुने डॉस प्रोग्राम चालवायचं साधन) मूळ सॉफ्टवेअर चालवून दोन्ही बाजू कॅप्चर केल्या असतील, तर ४२ ची एक फ्रेम जरूर द्या, सोबत स्क्रीनवरचा आकडाही.

रविवारी मिल बंद असते, म्हणून शनिवारी दुपारी जातोय. त्याआधी बॅटरीचं बघायला हवं, वीस मिनिटांत मान टाकते.